आईच्या रक्तातली उसनी ढाल

डांग्या खोकल्याला उर्दूत काली खाँसी म्हणतात. खोकल्याची उबळ संपता संपत नाही, पोर काळंनिळं पडतं, म्हणून ते नाव. मोठ्या मुलाला हा आजार थकवतो. महिना-दीड महिन्याच्या बाळाचा तर जीवच घेऊ शकतो. इतकं लहान बाळ कधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो.

या आजाराचा जिवाणू बोर्दे आणि झांगू यांनी 1906 मध्ये वेगळा केला. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ल केन्ड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग यांनी परिणामकारक लस सिद्ध केली. दिवसभराचं काम आटोपून या दोघी संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जाऊन नमुने गोळा करत. पुढे घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसींशी जोडली जाऊन ती त्रिगुणी लस झाली.

पण एक फट राहिली. आपल्याकडे या लसीचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना दिले जातात. तोवर बाळाचं रक्षण कोण करणार?

याचं उत्तर लसीपेक्षा जुनं आहे. 1890 मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की रोगाशी लढलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विषाला निकामी करणारं काहीतरी असतं आणि ते दुसऱ्याला देता येतं. त्यालाच आज आपण प्रतिपिंडं म्हणतो. दोनच वर्षांनी पॉल एर्लिख यांनी उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केलं की आई हे संरक्षण पिल्लांना गर्भात आणि दुधातूनही देते. ते काही काळच टिकतं, पण नेमकं गरजेच्या वेळी असतं.

पुण्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचा प्रतिविष सीरम बनत असे. हेच काम पुण्यात का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी केली. संस्थेच्या नावातला 'सीरम' शब्द तिथूनच आला. याच संस्थेने पुढे रेबीजवर प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंड बाजारात आणलं. त्याला घोडा लागत नाही. डांग्या खोकल्याच्या विषावरही अशी प्रतिपिंडं तयार झाली आहेत. टेक्सासच्या संशोधकांनी ती बबून माकडांवर तपासली आणि 2015 मध्ये आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. जन्मताच एक टोचणी आणि पुढचे काही महिने बाळ सुरक्षित, अशी ती कल्पना आहे. बाळांसाठी ती अजून रोजच्या वापरात नाही.

वापरात आहे तो मार्ग साधा आहे. आईलाच लस द्यायची. प्रतिपिंडं ती बनवते आणि वारेतून बाळाला पोचवते. 2012 मध्ये इंग्लंडात साथ आली, 14 तान्ही बाळं गेली, तेव्हा तिथल्या सरकारने गर्भवतींना ही लस द्यायला सुरुवात केली. कोवळ्या बाळांचं आजारापासून रक्षण सुमारे 90 टक्के झाल्याचं पुढे दिसलं.

आपल्याला ही युक्ती नवी नाही. गरोदरपणातलं 'टीटी'चं इंजेक्शन नेमकं हेच करत आलं. त्या इंजेक्शनने आणि स्वच्छ बाळंतपणाने नवजात बाळांचा धनुर्वात इतका मागे हटला, की 2015 मध्ये भारत त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. मोहल्ल्यात त्या सुईबद्दलही कुजबूज होती. घरोघरी फिरणाऱ्या परिचारिकांनी आणि आशाताईंनी ती पुरून उरवली. ज्या आयांनी हात पुढे केला, त्यांची बाळं वाचली.

आता टीटीच्या जागी 'टीडी' आली आहे. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प आहेत, डांग्या खोकला नाही. तो भाग असलेली 'टीडॅप' लस खाजगी दवाखान्यात पैसे मोजून मिळते. सातव्या महिन्यापासून पुढे ती घेण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. म्हणजे लशींची राजधानी म्हणवणाऱ्या शहरातही ही उसनी ढाल बाळाला मिळते की नाही, ते आईच्या पर्सवर ठरतं. घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना या लसीबद्दल जरूर विचारा. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हेही विचारा, की सरकारी दवाखान्यात ती कधी येणार?