मुंबई बेटाचे खंडकरी : गार्सिया द ओर्ता

उलट्या-जुलाब सुरू झाले की ‘मोडशी झाली’ असे आमच्या घरांतील जुनी माणसे म्हणत. हाच घरगुती शब्द, किंचित बदललेल्या रूपात, १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात आहे, हे कळले तेव्हा आम्हांला नवल वाटले. तेथे तो पटकीसाठी आला आहे. खोल गेलेले डोळे, गार पडलेली कातडी, न शमणारी तहान, पायांत येणारे गोळे, क्षीण झालेली नाडी ही सारी लक्षणे ग्रंथकाराने रोग्याच्या उशाशी बसून टिपली. एक रोगी दहा तासही तगला नाही, असे तो लिहितो. आशियातील पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले हे पहिले छापील वर्णन मानले जाते.

हे वैद्य म्हणजे गार्सिया द ओर्ता. जन्म १५०१ च्या सुमाराचा, पोर्तुगालमधील कास्तेलो दे व्हिदे या गावचा. १४९२ साली स्पेनने हद्दपार केलेल्या यहुद्यांपैकी त्यांचे आईवडील. पुढे १४९७ मध्ये पोर्तुगालनेही यहुद्यांवर बाप्तिस्म्याची सक्ती केली आणि हे कुटुंब ‘नवख्रिस्ती’ झाले. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथे शिकून ओर्तांनी लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले आणि १५३४ साली मार्तिम आफोन्सो द सौझाच्या आरमाराबरोबर ते गोव्यास आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यांनी उपचार केले.

१५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट त्यांना खंडाने मिळाले. राहणे मात्र बहुतेक गोव्यातच. या बेटावरील आंब्याचे एक झाड वर्षातून दोनदा फळ देते, हे ते ग्रंथात मोठ्या कौतुकाने सांगतात. वसईकडील कुणबी शेती करतात, माळी बागा राखतात, याचीही नोंद त्यांनी केली आहे. घारापुरीची लेणी त्यांनी पाहिली होती.

‘कोलोकिओस’ हा त्यांचा ग्रंथ संवादरूप आहे. सालामांकाहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतात. मधूनच अंतोनिया ही दासी हवी ती वनस्पती आणून समोर ठेवते. रुआनोला ग्रीक ग्रंथांचा मोठा आधार वाटतो. ओर्ता त्याला बजावतात, की गॅलनचे नाव सांगून मला भिववू नका, मी पाहिले तेच सांगेन. स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशी कबुलीही ते देतात. आमच्या मते ग्रंथाचा प्राण या कबुलीत आहे. छपाई मात्र सदोष. शुद्धिपत्रच सुमारे वीस पानांचे! पण कवी कामोइश यांची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथात आहे.

यापुढची हकिकत सांगताना लेखणी अडखळते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय स्थापन झाले होते. ओर्ता १५६८ साली निवर्तले. पुढल्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला, ती गुप्तपणे यहुदी धर्म पाळते या आरोपाखाली, जिवंत जाळण्यात आले. नातेवाइकांच्या जबान्यांत मृत भावाचेही नाव आले. १५८० साली ओर्तांची हाडे थडग्यातून उकरून काढून जाहीर समारंभात जाळण्यात आली.

पोर्तुगिजांनी आमच्या पूर्वजांना काय दिले, हे आपण सणासमारंभांत अभिमानाने सांगतो. कातारिनाचे नाव मात्र आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये, सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल आणि यहुदी लोकांना भोगाव्या लागलेल्या दुःखाबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेत हे बहीण-भाऊ येतात, असे आम्ही समजतो.

ग्रंथ तोवर गोव्याबाहेर पडला होता. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये करून १५६७ सालीच अँटवर्पला छापला, आणि ओर्तांची हाडे जळाली तेव्हा युरोपातील वैद्य हिंदुस्थानातील औषधींची माहिती त्यातूनच घेत होते.