रोबोटला स्पर्श कसा कळतो? 'इलेक्ट्रॉनिक त्वचा' म्हणजे नेमकं काय?

काटोलच्या बागेत संत्री तोडणाऱ्या माणसाला प्रत्येक फळ किती दाबून धरायचं याचा विचार करावा लागत नाही. ते त्याची बोटंच ठरवतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ जोरात दाबलं गेलं तर बाहेरून चांगलं दिसलं तरी आतून दुखावतं आणि लवकर सडतं. हेच काम रोबोटला दिलं तर? कॅमेऱ्यामुळे त्याला संत्रं दिसेल, पण आपली पकड किती घट्ट आहे हे नुसतं बघून कळणं कठीण. त्यासाठी हवी इलेक्ट्रॉनिक त्वचा, म्हणजेच ई-स्किन.

ई-स्किन म्हणजे काय?

रबर किंवा प्लास्टिकसारख्या लवचीक थरात बसवलेली बारीक सेन्सरची जाळी. ती रोबोटच्या बोटांवर चढवता येते. टोकियो विद्यापीठाचे ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४ मध्ये वाकणाऱ्या थरावर दाब मोजणारी अशी जाळी दाखवली. त्यानंतर या संशोधनाला वेग आला.

दाब कसा मोजतात?

• काही सेन्सर दाबले की त्यांचा विद्युत रोध बदलतो.
• काहींमध्ये दोन पातळ पट्ट्या असतात. दाबामुळे त्या जवळ आल्या की विद्युतभार साठवण्याची क्षमता वाढते.
• काही पदार्थ दाबताच स्वतः वीज तयार करतात. गॅस पेटवायच्या खटक्याच्या लायटरमध्ये हेच घडतं. वस्तू हातातून घसरताना होणारी थरथर टिपायला हे सेन्सर उपयोगी पडतात.

मिळालेले सिग्नल कॉम्प्युटर वाचतो आणि पकड सैल किंवा घट्ट करतो. संत्रं निसटतंय? थोडं आवळा. जास्त दाबलं जातंय? सोडा.

माणसाला याचा काय उपयोग?

सगळ्यात मोठा उपयोग हात गमावलेल्यांना होऊ शकतो. साध्या कृत्रिम हाताला स्पर्श कळत नाही. त्यामुळे पाण्याचा ग्लास धरतानाही नजर हातावरच ठेवावी लागते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नितीश ठाकोर यांच्या गटाने यावर काम केलं. २०१८ मध्ये त्यांनी कापड आणि रबराच्या थरांची 'ई-डर्मिस' कृत्रिम हाताच्या बोटांवर बसवली. तिचे सिग्नल उरलेल्या हाताच्या त्वचेवरून सौम्य विजेच्या झटक्यांनी नसांपर्यंत पोहोचवले. हात गमावलेल्या स्वयंसेवकाला वस्तू गोल आहे की टोकदार, हे जाणवलं. टोकदार वस्तू लागताच कृत्रिम हाताने ती आपोआप सोडलीही. आपण चटका बसला की हात मागे घेतो, तसंच!

मग अडचण कुठे आहे?

आपली त्वचा खरचटली तर भरून येते, ई-स्किन मात्र सततच्या घर्षणाने झिजते. हजारो सेन्सरच्या तारा जोडणं आणि त्यांचे सिग्नल क्षणार्धात वाचणं हेही किचकट आहे. घाम, धूळ, ओल यांतही ती टिकायला हवी.

गोदामात ही सुरुवात झाली आहे. ॲमेझॉनने २०२५ मध्ये स्पर्श ओळखणारा 'व्हल्कन' रोबोट जाहीर केला. तो कापडी कप्प्यांत सामान ठेवतो आणि काढतो. पण गोदामात उजेड, जमीन, कप्पे सगळं ठरलेलं असतं. काटोलच्या बागेत मात्र फांद्या हलतात, पानं आड येतात आणि प्रत्येक संत्रं वेगळ्या आकाराचं असतं. तिथे चांगल्या सेन्सरसोबत त्या स्पर्शाचा अर्थ लावणारी समजही लागेल. संत्री तोडणाऱ्या माणसाकडे ती वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेली असते.