भाऊबीज आणि बहिणीचा वाटा

भाऊबीज हा आमच्या सणांतील सर्वांत निरुपद्रवी सण, असा सामान्य समज आहे. त्यांत देवाची मूर्ति नाहीं, पुरोहित नाहीं, उपास नाहीं. एक पाट, एक निरांजन, सुपारी, अक्षता आणि ओवाळून झाल्यावर तबकांत पडणारी ओवाळणी, एवढ्यांत सर्व आटोपतें. म्हणूनच कीं काय, या सणाचा इतिहास लिहिण्याच्या भानगडींत फारसें कोणी पडत नाहीं. परंतु त्या तबकांत काय पडत आलें आणि काय पडलें नाहीं हें पाहूं गेल्यास आमच्या समाजांतील मिळकतीचा व स्त्रियांच्या हक्कांचा बराच इतिहास त्यांत सांपडतो.

सणाचें शास्त्र थोडक्यांत सांगतां येईल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत यम-यमींचा संवाद आहे. पण तो भाऊबीजेचा आधार म्हणून पुढें करणें अवघड, कारण तेथें यमी जें मागते तें यम साफ नाकारतो. पुराणकारांनीं या जोडीला वेगळें वळण दिलें. कार्तिक शुद्ध द्वितीयेस यमुनेनें यमाला आपल्या घरीं जेवूं घातलें; म्हणून त्या दिवशीं पुरुषानें स्वतःच्या घरीं न जेवतां बहिणीच्या हातचें जेवावें व तिला वस्त्रें, अलंकार द्यावे; सख्खी बहीण नसल्यास चुलत, मावस बहिणीचा मान करावा, असें सांगितलेलें आहे. यांत भावानें बहिणीच्या दारीं जावयाचें आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आमच्याकडे पुष्कळ घरीं याच्या उलट प्रघात पडला. भाऊ मुराळी होऊन जातो, बहिणीला माहेरीं आणतो, आणि ओवाळणें होतें तें बापाच्या घरांत, म्हणजे जें घर वारशानें भावाचें व्हावयाचें त्या घरांत.

हें घर म्हणजे काय, हें समजण्यासाठीं देशावरचें एखादें जुनें गांव डोळ्यांसमोर आणावें. सातारा जिल्ह्याच्या कोरेगांव तालुक्यांतील रहिमतपूर घ्या. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या नांवाशीं निगडित अशी मशीद व कबर तेथें आहे, त्यावरून गांवाचें जुनेपण कळतें. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म १९२० सालीं येथलाच. आदिलशाही गेली, छत्रपतींचें राज्य आलें, १८४८ सालीं डलहौसीनें तेंहि खालसा केलें. परंतु या मुलखांत प्रतिष्ठेची मिळकत म्हणून जी मानली जाई ती एकच राहिली, ती म्हणजे वतन. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, देशपांडेपण आणि त्यांस जोडून असलेली जमीन! वतनासाठीं भाऊबंदांनीं एकमेकांचीं डोकीं फोडलेलीं आहेत. अशा घरांतून मुलगी लग्न होऊन बाहेर पडे ती वतनावांचून. तिला मिळे तें लग्नांतलें स्त्रीधन, आणि पुढें वर्षाला एकदां ओवाळणी.

आमच्या बायकांच्या ओव्यांत याची साक्ष विपुल आहे. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' मध्यें ज्या ओव्या जमविल्या त्यांत भाऊ-बहिणींचा भाग मोठा आहे. पुढें हेमा राईरकर व गी पॉइत्वँ यांनीं जात्यावरच्या ओव्यांचा केलेला संग्रह तर लाखांच्या घरांत जातो. त्यांतली बहीण भावाचें कौतुक करते, वाट पाहते, भावजयीच्या कपाळावरच्या आंठ्या मोजते, चोळीसाठीं रुसते. पण तिचें मागणें चोळी-लुगड्यापाशीं थांबतें. शेताचा तुकडा तिनें मागितल्याचें फारसें आढळावयाचें नाहीं. हें तिचें निर्लोभीपण म्हणून आम्ही आजवर गौरवीत आलों. आमच्या मतें तो हिशेब होता. जें मिळणें शक्यच नाहीं तें मागून माहेर कोण घालवील?

आणि तरीहि बहिणीला वारसांत जागा देण्याच्या बाबतींत आमचा प्रांत इतरांच्या पुढें होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. याचें श्रेय सतराव्या शतकांत काशीस राहणाऱ्या, पण मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठाला आहे. त्याच्या 'व्यवहारमयूखा'ची चिकित्सक आवृत्ति पां. वा. काणे यांनीं १९२६ सालीं काढली. नीलकंठाचा युक्तिवाद मोठा सरळ आहे. वारस 'गोत्रज' असावा असें वचन आहे. गोत्रज म्हणजे त्या गोत्रांत जन्मलेला. बहीण भावाच्या गोत्रांतच जन्मली. लग्नानें तिचें गोत्र बदललें तरी जन्म बदलत नाहीं. म्हणून मुलगे, विधवा, मुली, आईबाप, भाऊ-पुतणे व आजी यांच्यापैकीं कोणी नसेल तर बहिणीचा क्रम. १८६४ सालीं 'विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई' या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें बहिणीचा हा वारसा उचलून धरला. देशावर मिताक्षरा प्रमाण असली तरी या एका मुद्द्यावर मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं तेथेंहि बहिणीला हीच जागा दिली. मिताक्षरा मानणाऱ्या इतर प्रांतांत तिला असें वरचें स्थान मिळावयास १९२९ चा कायदा व्हावा लागला.

पण यांतली विचित्र गोम पाहा. भाऊ जिवंत असेतों बापाच्या मिळकतींत बहिणीला वाटा नाहीं. तो विभक्त व निपुत्रिक असा वारला तर मात्र ती वारस! ज्याच्या आयुष्यासाठीं तिनें यमाची आठवण ठेवून निरांजन फिरवावें, त्याच्या मृत्यूवांचून तिचा हक्क जागा होत नसे. आणि वतनी घरांत तेवढेंहि नाहीं. १८८६ च्या मुंबईच्या पांचव्या कायद्यानें, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून वतनी कुटुंबांतील प्रत्येक स्त्रीचा क्रम सर्व पात्र पुरुषांच्या मागें टाकला. नीलकंठानें पुढें आणून बसविलेली बहीण सरकारनें वतनाच्या सोयीसाठीं पुन्हां मागें लोटली. परगणा व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें.

त्यानंतरचा इतिहास झपाट्याचा आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानें मुलगी बापाच्या स्वतंत्र मिळकतींत मुलाच्या बरोबरीची वारस झाली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं दिला, पण ज्यांचीं लग्नें आधींच झालीं होतीं त्यांना वगळून. तें वगळणें ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनें संपलें. त्या दिवशीं बाप हयात असण्याचीहि अट नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं 'विनीता शर्मा' खटल्यांत दिला.

कायदा असा पुढें आला आणि त्याच्या पाठोपाठ आलें हक्कसोडपत्र. बाप गेला, सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींचीं नांवें लागलीं, कीं घरांत कुजबूज सुरू होते. भाऊ फारसें बोलत नाहीं. एखादा वडीलधारा बोलतो. बहीण मोबदल्यावांचून सही करते, दस्ताची नोंदणी होते, फेरफार होतो, नांव कमी होतें. पुष्कळ बहिणी हें खुषीनें करतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. भावाची ओढगस्त त्यांना दिसत असते, आणि स्वतःचें बरें चाललेलें असतें. परंतु 'सही केली नाहीं तर भाऊबीजेला कोणाच्या दारांत उभी राहूं?' या भीतीनें केलेल्या सहीला खुषी म्हणणें आम्हांला जमत नाहीं. तेथें ओवाळणी ही देणगी राहत नाहीं, ती किंमत होते, आणि फार थोडी किंमत होते.

बहिणीनें वाटा घेतल्यास हा सणच बुडेल, असें म्हणणारे सद्गृहस्थ आम्हांला भेटतात. त्यांना एवढेंच सांगावेंसें वाटतें, कीं १८६४ पासून १९५६ पर्यंत ब्याण्णव वर्षें या इलाख्यांत बहीण भावाची वारस होती. तेवढ्या काळांत भाऊबीज बंद पडल्याचें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.