समूगढचा रिकामा हौदा

आग्र्याच्या पूर्वेस समूगढच्या मैदानात २९ मे १६५८ रोजी शहाजहानच्या वारशाचा निकाल लागला. या लढाईचे जे चित्र आपल्या मनात ठसले आहे ते असे : विजय हाताशी आला असता दारा शुकोह खलीलुल्लाखानाच्या कपटी सल्ल्याने हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, रिकामा हौदा दिसताच सैन्याचा धीर सुटला. ही कथा बर्नियेने रंगविली. तो स्वतः रणांगणावर नव्हता. परंतु दाराच्या तोफखान्यात चाकरीस असलेल्या मनुचीनेही ती सांगितली आहे. मराठी वाचकास तर ती ओळखीचीच वाटावी. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि मोकळी अंबारी पाहून फौज फुटली, असे आपण १७६१ च्या पानिपताविषयी लहानपणापासून ऐकत आलो आहो.

दारा उतरलाच नाही, असे म्हणावयाचे नाही. प्रश्न आहे तो क्रमाचा. तो उतरला तेव्हा रुस्तुमखान पडला होता, बुंदीचा छत्रसाल हाडा पडला होता. औरंगजेबाच्या हत्तीचे पट्टे तोडावयास पायउतार होऊन धावलेला रूपसिंह राठोडही पडला होता. तोफांमागील आपली जागा सोडून दारा पुढे सरकला, तो आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आला आणि त्या निरुपयोगी झाल्या. विजय हाताशी होता कोठे?

पराभवाची मुळे आणखी मागे जातात. सुलेमान शुकोहबरोबर निवडक सैन्य पूर्वेकडे शुजावर गेले होते, ते परतले नव्हते. चंबळेचे नेहमीचे उतार दाराने रोखले. औरंगजेब भदावर प्रांतातील आडबाजूच्या उतारावरून पार झाला, आणि घाईने मागे फिरताना दारास अवजड तोफा नदीकाठीच टाकाव्या लागल्या. २८ मेचा दिवस तर मला सर्वांत निर्णायक वाटतो. शत्रू मजल मारून थकून आला होता. दाराने सैन्य चिलखतांसह दिवसभर उन्हात उभे केले, हल्ला केला नाही, आणि सायंकाळी परत नेले. उष्म्याने माणसे नि जनावरे तेथेच मेली. दख्खनच्या मोहिमांत मुरलेला औरंगजेब अशी चूक करता ना.

मग कपटाची कथा इतकी का रुजली? १६५७ मध्ये काशीच्या पंडितांच्या साह्याने सुमारे पन्नास उपनिषदे फारसीत आणविणारा हा राजपुत्र आपणांस प्रिय आहे. तो फसविला गेला असे मानणे सोपे जाते; तो सेनापती म्हणून उणा पडला असे मानणे जड जाते. या ममत्वापासून मीही मुक्त नाही. पण विश्वासघाताच्या कथेने दाराचा गौरव होत नाही. त्याच्यासाठी जाणून-बुजून मेलेले हाडा आणि राठोड मात्र तिच्या आड दिसेनासे होतात.

त्या रात्री दारा आग्र्यास पोचला. पित्याने बोलावणे पाठविले, तरी लाजेने तो भेटीस गेला नाही. पहाट होण्यापूर्वीच तो बायकामुले आणि मोजके चाकर घेऊन दिल्लीच्या वाटेस लागला होता.