उन्हाची वीज आणि समाईक गच्ची

कोलशेतसारख्या खाडीकाठच्या गावाला उन्हाचा उपयोग शिकवावा लागत नाही. मासळी वाळविणे, मिठागरात मीठ पिकविणे ही कामे या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उन्हावरच चालत आली. तेव्हा सूर्याला घरकामास जुंपण्याची कल्पना आम्हांस परकी वाटू नये.

यंत्र चालविण्यासाठीही ऊन वापरण्याचा प्रयोग येथून जवळच, मुंबईत झाला होता. उच्च न्यायालयातील डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनी अनेक सपाट आरशांनी ऊन एका बॉयलरवर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालविला. त्यांचे या विषयावरील पुस्तक १८७८ साली प्रसिद्ध झाले. मग ही विद्या मागे का पडली? ऊन कमी होते म्हणून नव्हे. कोळसा साठविता येतो, रात्रीही जळतो. ऊन मात्र सायंकाळी मावळते.

पुढे १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट दाखविला. त्याला ना बॉयलर, ना वाफ. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची तो वीज करी. आजची पॅनेले वीस टक्क्यांच्या आसपास करतात. रात्रीची अडचण उरलीच होती. महाराष्ट्रात २०१५ च्या नेट मीटरिंग नियमांनी तिला व्यवहारी उत्तर दिले. दिवसा उरलेली वीज तारांवाटे बाहेर द्यावयाची आणि ती आपण घेतलेल्या विजेतून वजा करून घ्यावयाची.

आता घरचा हिशेब पाहू. एका किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. गावठाणातील स्वतंत्र घराला तेवढे छप्पर सहज सापडते. शेजारच्या उंच इमारतीत मात्र शंभर बिऱ्हाडांना गच्ची एकच. तेथे प्रत्येकाच्या घरची वीज निघणार नाही. परंतु पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातील दिवे यांच्या बिलाचा मोठा भार तीच गच्ची उचलू शकते. २०२४ सालच्या केंद्रीय सूर्यघर योजनेत घराला ७८,००० रुपयांपर्यंत, तर गृहनिर्माण संस्थेच्या समाईक कामांना किलोवॉटमागे १८,००० रुपये साहाय्य ठरले.

ॲडम्स यांना कोळशाशी सामना होता. आमचा सामना आमच्याशीच आहे. पॅनेले बसवावयाची, तर गच्चीवरील आपापल्या सोयी थोड्या बाजूला ठेवून शेजाऱ्यांबरोबर एका सभेत बसावे लागेल. ते आम्हांला जमले पाहिजे.