जोगव्याची परडी आणि पावतीपुस्तक

दिंद्रुडहून बोलतेय. कुणाच्या भाकऱ्या चालू असतील, कुणी शेळ्या बांधून आत्ताच टेकली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज मागण्याची गोष्ट सांगायची आहे. उसनं मागण्याची नाही. दुसऱ्याच्या लेकरासाठी अनोळखी दारात उभं राहून मागण्याची. ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पण माझ्यासाठी ती सुरू झाली मागच्या हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी, एसटीत.

आमच्या बचत गटातल्या आम्ही पाच जणी दोन दिवसांसाठी अंबाजोगाईला निघालो होतो. योगेश्वरीचं दर्शन घ्यायचं, मुक्काम एकीच्या मावशीकडे, आणि दोन्ही दिवस गल्ल्यांमधून फिरून एका वसतिगृहासाठी मदत गोळा करायची. दिवाळी झाली की आपल्याकडची गावं कशी रिकामी होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि शाळेतली लेकरं मागं राहतात. अशा लेकरांच्या वसतिगृहाला ज्वारी, डाळ आणि वह्या कमी पडत होत्या.

घरातून निघणंच अवघड होतं. "दोन दिवस? मैत्रिणींबरोबर? हे काय नवीन?" असं पाचही घरांत कुणी ना कुणी म्हणालंच. आपण बाहेर पडतो ते ऊसतोडीला, दवाखान्याला, बाळंतपणाला, नाहीतर मयतीला. आपल्या मनानं आणि मैत्रिणींच्या सोबतीनं जायचं म्हटलं की त्याला फिरायला जाणं म्हणतात. माझ्या सासूबाईंनी मात्र वेगळंच सांगितलं. "आमच्या वेळी आम्ही पंढरपूरला जात नव्हतो का? आठ-आठ जणी चालत जायचो. आणि जोगवा मागायला काय नवऱ्याला घेऊन जात होतो?"

खरंच की. वारी म्हणजे बायकांनी मैत्रिणींबरोबर घर सोडून जाणंच. आणि जोगवा म्हणजे दारोदार जाऊन मागणं. मंगळवारी, शुक्रवारी, नवरात्रात परडी घेऊन पाच घरं मागायची. घरात पोत्यानं धान्य असलेली बाईसुद्धा मागते, कारण जोगवा पोट भरायला मागत नाहीत. 'माझं आहे, मी देणारी आहे' हा ताठा थोडा खाली ठेवायला मागतात. आपल्या आज्यांना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

पण आमच्यातली एक जण अंबाजोगाईच्या पहिल्याच गल्लीत थांबली. म्हणाली, "तुम्ही या मागून. मी बसते या ओट्यावर." आम्हाला वाटलं, दमली असेल. तर म्हणाली, "सहा वर्षं आम्ही कारखान्याला गेलो. माझी दोन्ही लेकरं अशाच वसतिगृहात जेवली. लोकांनी दिलेलं खाल्लं. आता पुन्हा मीच हात पसरू? लोक म्हणतील, हिची सवय गेली नाही."

आमच्यापैकी कुणाला काही बोलता आलं नाही. त्या दिवशी आम्ही चौघींनीच मागितलं. रात्री मावशींच्या माळवदावर गोधड्या घेऊन बसलो, तेव्हा मला पार्वतीबाई आठवल्या आणि मी त्यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. पण सुरुवात थोडी आधीपासून करावी लागेल.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या. आपल्याकडच्या बालविधवांचे हाल त्यांनी तिथं सभांमधून सांगितले. १८८७ मध्ये बोस्टन शहरात रमाबाई असोसिएशन नावाची संस्था निघाली. तिच्यासाठी ठिकठिकाणी मंडळं झाली आणि दहा वर्षं दरसाल वर्गणी द्यायची असं ठरलं. देणाऱ्यांमध्ये साध्या घरच्या बायका पुष्कळ होत्या. आपला देश त्यांनी पाहिलेलाही नव्हता. त्या पैशावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही मुलींची शाळा सुरू झाली. पुढे ती पुण्याला गेली.

या शाळेच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये कोकणातल्या देवरुखची एक बालविधवा होती, गोदूबाई. परक्या देशातल्या बायकांनी थोडं थोडं करून साठवलेल्या पैशावर ती शिकली. १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. या लग्नापायी कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावानं वाळीत टाकलं. पण कर्वे थांबले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. जागा गोखले नावाच्या गृहस्थांनी दिली होती. सुरुवात एका झोपडीत झाली. आज तो भाग पुणे शहरात आहे आणि त्याला कर्वेनगर म्हणतात.

पार्वतीबाई आठवले या गोदूबाईंच्या बहीण. जन्म १८७० चा. विसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात एक लहान मुलगा. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचं केशवपन झालं. डोईवरून लाल आलवण. सकाळच्या प्रहरी अशी बाई समोर आली तर लोक अपशकुन मानून मागं वळत. या पार्वतीबाई बहिणीच्या आधारानं पुण्याला आल्या, मोठेपणी शिकल्या आणि आश्रमात काम करू लागल्या.

आश्रमात मुली वाढत गेल्या आणि पैसा पुरेना. तेव्हा वर्गणी गोळा करायला पार्वतीबाई बाहेर पडल्या. जिला पाहून लोक वाट बदलत, ती बाई आता लोकांच्या उंबऱ्यापुढे उभी राहून सांगत होती की आमच्या मुलींच्या शिक्षणासाठी द्या. त्या गावोगाव फिरल्या. चार माणसांपुढे बोलायची सवय नव्हती, ती बोलता बोलताच झाली. पुढं तर १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी मोडकंतोडकं. तिथं पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं, भाषा शिकल्या, आश्रमासाठी मदत मिळवली आणि १९२० मध्ये परत आल्या. १९२८ साली त्यांनी 'माझी कहाणी' नावानं आपली हकिकत छापली.

आता धागा बघा मैत्रिणींनो. बोस्टनच्या बायकांनी दिलं म्हणून गोदूबाई शिकली. गोदूबाईचा आधार मिळाला म्हणून पार्वतीबाई शिकल्या. पार्वतीबाईंनी मागितलं म्हणून हिंगण्याला आणखी मुली शिकल्या. मिळालेलं कुणी गाठीला मारून ठेवलं नाही. ज्यांना मिळालं, त्यांनीच पुढच्यांसाठी मागितलं. पार्वतीबाईंना लाज वाटण्याची कारणं आपल्यापेक्षा कमी नव्हती. पण विधवेचे हाल काय असतात, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

आपल्याकडच्या शाळाही अशाच वाढल्या. रयत शिक्षण संस्था कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काढली. तिच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी घरोघरचं मूठमूठ धान्य गोळा होई. एकदा घरात काहीच नव्हतं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. आणि अंबाजोगाईचंच बोलायचं, तर आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी शाळांत उर्दूचा जोर. त्या काळात मराठी मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या, त्या लोकांच्या मदतीवर चालल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तिथं आणि पुढं अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी काम केलं. ज्या गावात आम्ही पिशव्या घेऊन फिरत होतो, त्या गावाला शिक्षणासाठी देणं नवीन नव्हतं.

मी हे सगळं सांगितलं, तेव्हा आमची ती मैत्रीण काहीच बोलली नाही. पदर डोक्यावर ओढून झोपली. मला वाटलं, उगाच बोलले.

त्याच रात्री दुसरा घोळ झाला. आम्ही दिवसाचे पैसे मोजले. पावत्यांची बेरीज आणि पिशवीतली रक्कम जुळेना. पन्नास रुपये कमी. तीनदा मोजलं. धाकटीच्या हातात पिशवी होती, ती रडकुंडीला आली. शेवटी आठवलं, धान्याचं पोतं नेताना रिक्षावाल्याला घाईघाईत त्याच पिशवीतून पन्नास दिले होते. आम्ही दहा-दहा रुपये काढून भरपाई केली. पण मला बराच वेळ झोप आली नाही. पन्नास रुपयेच होते, पण ते आमचे नव्हते. आम्ही विसरलो असतो, तर जिनं दिले तिचा विश्वास फुकट गेला असता. कर्वे पै-पैचा हिशेब ठेवत, हे लोकांना माहीत होतं. म्हणून ते पुन्हा दारात गेले तरी दार उघडलं जाई. पहिल्यांदा लोक दयेनं देतात. दुसऱ्यांदा हिशेब बघून देतात.

रविवारी सकाळी दर्शन झालं आणि आम्ही गल्लीत शिरलो. पहिल्याच घरी एक बाई दारातूनच म्हणाली, "रोज कुणी ना कुणी येतंच. आम्ही कुणाकुणाला द्यायचं?" आम्ही वळलोच होतो. तेवढ्यात मागून आवाज आला. आमची कालची ओट्यावर बसलेली.

"ताई, देऊ नका, पण ऐका. माझी लेकरं अशाच वसतिगृहात राहिली. मी फडात ऊस तोडत होते, तेव्हा त्यांना कुणीतरी जेवू घातलं. कुणी, ते मला ठाऊक नाही. कदाचित तुम्हीच असाल. पोरगी बारावी झाली माझी. तेवढंच सांगायला आले."

त्या बाई आत गेल्या आणि पायलीभर ज्वारी घेऊन आल्या. वर म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." त्या दिवशी आमच्या मैत्रिणीनंच प्रत्येक दारात बोलायचं, असं न ठरवताच ठरलं. शनिवारी चौघींनी मिळून जेवढं जमवलं होतं, त्यापेक्षा रविवारी जास्त जमलं. काही दारं बंदच राहिली, तीही सांगते. एका ठिकाणी "कामधंदा नाही का?" असंही ऐकलं. जोगव्यातसुद्धा एखादं घर रिकामं जातंच.

आता तुमच्यापैकी कुणी असं जायचं म्हणत असेल, तर चार गोष्टी आमच्या अनुभवावरून सांगते.

पहिली, आधी विचारा. काय हवं आहे, ते ज्यांना हवं आहे त्यांनाच विचारा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जवळजवळ आठ हजार माणसं गेली. सगळ्या महाराष्ट्रातून मदत आली, गावोगावच्या बायकांनी भाकरी बांधून पाठवली. पण जुन्या कपड्यांचे असे ढीग आले की ते रस्त्याकडेला पडून राहिले. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, विचारायचं तेवढं राहिलं. वसतिगृहानं आम्हाला आधीच सांगितलं होतं, कपडे नकोत, डाळ हवी.

दुसरी, संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, ते बघा. पावतीपुस्तक संस्थेचंच घ्या आणि तिचं पत्र बरोबर ठेवा. दहा रुपये दिले तरी पावती फाडा. धान्य दिलं तर वहीत लिहा.

तिसरी, जाण्यायेण्याचा आणि चहापाण्याचा खर्च आपला. दोन पिशव्या ठेवा, एक लोकांची, एक आपली. रिक्षाचे पैसे कुठून गेले, हे आम्हाला आठवलं म्हणून बरं. परत आल्यावर हिशेब गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.

चौथी, एकटीनं जाऊ नका. दोघी-दोघी जा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला या. आणि हो, हसा-बोला. त्या दोन दिवसांत आम्ही जेवढ्या हसलो, तेवढ्या वर्षात हसलो नव्हतो. माळवदावर झोपताना पाचही जणी म्हणालो, कुणाच्या उठण्याआधी उठायचं नाही, अशी ही पहिलीच रात्र. चांगलं काम केलं म्हणून ती मजा कमी होत नाही, आणि मजा केली म्हणून काम खोटं ठरत नाही.

सोमवारी पोती वसतिगृहात पोचवली. आमच्या मैत्रिणीनं यादी वाचली, तिथल्या बाईंनी मोजून घेतलं आणि सही केली. लेकरं शाळेत गेली होती. स्वयंपाकघरात भात शिजत होता. ती दारात उभी राहून बराच वेळ त्या पातेल्याकडे बघत होती. मग म्हणाली, "चला, दोनची गाडी निघून जाईल."

या दिवाळीनंतर पुन्हा जायचं ठरलं आहे. पावतीपुस्तक आता तिच्याकडे असतं. तुमच्या गावातून कुणाला असं निघायचं असेल, तर आधी तुमच्या गटातल्या अशा बाईला विचारा, जिला कधीतरी कुणीतरी दिलं होतं. ती आधी नाही म्हणेल. रात्रभर थांबा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.