वाटाड्याचा परवाना आणि जुन्नरची साक्ष

मोबदला घेऊन पाहुण्यास संरक्षित वास्तू दाखवायची असेल, तर पुरातत्त्व खात्याचा परवाना हवा, अशी तरतूद १९५९ सालच्या केंद्रीय नियमावलीत आहे. नियम जुना आहे. परंतु आपल्या भागात त्याची आठवण होण्याचे कारण नवे आहे. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नर तालुक्यास विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत शिवनेरीचा समावेश झाला. साहजिकच पुणे-नाशिक रस्त्याने खेडचा घाट चढून पेठ, मंचर, कळंब मागे टाकीत नारायणगावाहून जुन्नरकडे वळणाऱ्या गाड्या वाढणार, आणि त्यांतील पाहुण्यांना वाटाड्या लागणार. पेठच्या बाजूचे काही तरुण परवान्याच्या परीक्षेची तयारी करीत आहेत. त्यांतील दोघे-तिघे इतिहासाची पुस्तके मागावयास आमच्याकडे येतात. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून हा लेख सिद्ध झाला आहे.

या मुलांच्या वह्या आम्ही चाळल्या. लेण्यांची संख्या, पायऱ्यांची संख्या, किल्ल्याची उंची, सनावळी हे सारे पाठ झालेले आहे. ते व्हावयासही हवे. मात्र अमुक गोष्ट आपणांस कशावरून कळली, हा प्रश्न एकाही वहीत नव्हता. आम्ही सेमिनरीत असताना पवित्र शास्त्राचे अध्यापन करणारे गुरुजन प्रत्येक उताऱ्याशी थांबवून विचारीत : हे कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी? जुन्नरच्या दगडांनाही तेच प्रश्न विचारता येतात, आणि हे दगड उत्तरे देतात, हे आपल्या तालुक्याचे भाग्य होय.

नाणेघाटाचे उदाहरण घेऊ. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. सातवाहनकाळात त्यात जकातीची नाणी टाकीत, असे प्रत्येक पाहुण्यास सांगण्यात येते. ही परंपरा आहे. ती सांगू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेथून हाकेच्या अंतरावरील गुहेच्या भिंतींवर जो मोठा ब्राह्मी लेख कोरलेला आहे, त्याचा विषय जकात नसून यज्ञ आणि दाने हा आहे. सातवाहन राणी नागनिकेशी तो निगडित आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ, आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांची मोजदाद तेथे आहे. या मोजदादीसाठी वापरलेली अंकचिन्हे भारतातील प्राचीन अंकलेखनाच्या अभ्यासकांना फार मोलाची वाटतात. त्याच गुहेत राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी अशी नावे कोरलेली दिसतात. प्रतिमांचे मात्र पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. रांजणापाशी छायाचित्रे काढून परतणारा पाहुणा या भिंतीपुढे पाच मिनिटे उभा राहिला, तर वाटाड्याने आपली मजुरी कमावली असे आम्ही समजू.

जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. लेण्याद्रीवर गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी किती जणांना ठाऊक असते की, देवाचा हा प्रशस्त, खांबांविना कोरलेला मंडप मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार आहे आणि शेजारीच त्यांचे चैत्यगृह आहे? तुळजा लेण्यातील वर्तुळाकार चैत्यगृह तर बारा अष्टकोनी स्तंभांनी वेढलेले; तसे क्वचितच कोठे पाहावयास मिळते. या लेण्यांतील शिलालेखांत दान देणारे बहुतांशी राजे नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली, असा एक लेख आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने पोढी व मंडप दिल्याचा लेख मानमोडीवर आहे. त्यात ४६ हे वर्ष नोंदलेले आहे. बाजाराची ही गावे दोन हजार वर्षांपूर्वीही बाजाराचीच होती, हे मंचरच्या आडतीवर बसणाऱ्यास वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

याच लेखांत तीन दाते स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. इरिल याने दोन पोढ्या दिल्या, चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या तिसऱ्याचेही दान नोंदले आहे. येथे वाटाड्याने जपून बोलावयास हवे. पुढील शतकांतील मराठीत हा शब्द मुसलमानांस उद्देशून वापरला जाऊ लागला, आणि त्या अर्थाने तो ऐकलेला पाहुणा लेण्यासमोर भलताच निष्कर्ष काढतो. हे लेख इस्लामच्या उदयापूर्वी काही शतके कोरले गेले. तेव्हा यवन म्हणजे ग्रीक, किंवा एकंदरीत पश्चिमेकडून आलेला परदेशी. परदेशातून आलेल्या माणसाने येथल्या भिक्षूंच्या जेवणाची सोय करावी, ही वस्तुस्थिती एका शब्दाच्या चुकीच्या अर्थामुळे द्वेषाचे इंधन होऊ शकते. परीक्षेत यावर प्रश्न येवो न येवो, गडावर तो येणारच.

शिवनेरीवर दुसरी अडचण उभी राहते. शिवजन्माची तिथी पूर्वी वैशाख शके १५४९, म्हणजे १६२७, अशी धरीत. जेधे शकावली उजेडात आल्यावर फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी अभ्यासकांनी पुढे मांडली आणि २००१ साली राज्य शासनाने ती स्वीकारली. वृद्ध पाहुणा वैशाखाचा आग्रह धरील. त्याच्याशी हुज्जत न घालता शकावलीचे नाव सांगावे. महाराजांच्या जन्माने पावन झालेला हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही, हेही सांगावेच लागते. पाहुण्यांची मने मोडतील म्हणून हे वगळतो, असे एका मुलाने आम्हांस सांगितले. आमच्या मते मने मोडत नाहीत. १६७५ साली जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून येथे आला, तेव्हा शिवनेरी मोगलांकडेच होता. हा प्रसंग सांगितला म्हणजे पाहुणा अधिकच कान देऊन ऐकतो.

पाहुण्यांत ख्रिस्ती कुटुंबे असतील, तर त्यांना आणखी एका प्रवाशाची ओळख करून द्यावी. अफनासी निकितीन हा रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी १४७० च्या सुमारास चौल बंदरी उतरून जुन्नरास पोहोचला. तेव्हा येथे बहमनी राज्य होते. होर्मुझहून त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो हिसकावला आणि निरोप दिला : आमचा धर्म स्वीकार, घोडा व वर हजार सुवर्णनाणी देतो, नाही तर घोडा गेलाच, शिवाय तुझ्या डोक्यावर हजार नाणी दंड. मुदत चार दिवसांची. ते दिवस मरियेच्या सणापूर्वीच्या उपवासाचे होते. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके नेल्यामुळे ईस्टर केव्हा येतो हेही या माणसास नीट ठरविता येत नसे. तरीही तो बधला नाही. त्याला सोडविले ते खोजा मुहम्मद नावाच्या खुरासानी मुसलमानाने. त्याने असदखानाकडे रदबदली करून धर्मांतराची अट काढविली आणि घोडाही परत मिळवून दिला. असदखान सांगावा आणि खोजा मुहम्मद गाळावा, किंवा त्याच्या उलट करावे, असा मोह दोन्ही बाजूंच्या वाटाड्यांना होईल. निकितीनाने दोघांचीही नोंद केली आहे.

त्याने येथल्या पावसाचे व चिखलाचे वर्णन केले आहे. घोड्यांना खिचडी चारतात, याचे त्याला फार नवल वाटले. घोडा त्याने पुढे बीदरला विकला, आणि मायदेशी परतताना घर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ तो निवर्तला. त्याचे स्मारक रेवदंड्यास आहे. जुन्नरात त्याच्यासाठी पाहुण्यास दाखवावयाचे ते एकच : खडकावर वसलेल्या नगरीचे आणि तिच्या अरुंद, एकेकानेच चढावयाच्या वाटेचे वर्णन त्याने केले आहे, तेवढे वाचून दाखवावे आणि शिवनेरीकडे बोट करावे.